रापणीचा तास

शुक्रवारी शेवटच्या तासाला सेलिना बाई वर्गात आल्या की हजेरी घेत नसत. खडू उचलायच्या, फळ्याच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एक मोठा अर्धगोल काढायच्या आणि दोन्ही टोकांना एकेक लांब रेघ खाली ओढायच्या. अर्धगोलाच्या वर एकच इंग्रजी शब्द लिहायच्या : रन. मग हातांवरचा खडू झटकून म्हणायच्या, "चला, ओढा."

आम्हाला काही समजावून सांगावं लागत नसे. मालवणच्या दक्षिणेला, किनाऱ्यालगत आमचं गाव. फळ्यावरचा तो अर्धगोल म्हणजे रापण, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडत जातात आणि त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरची माणसं दोन बाजूंनी ओढत आणतात. रापण एका घराची नसते, अनेक घरांची मिळून असते, आणि तरीही ओढायला हात कमीच पडतात. त्यामुळे वाटेने जाणारा कोणीही दोरीला लागला तरी चालतं, आणि मासळी वर आली की त्यालाही वाटा मिळतो. कोण किती जोर लावत होता हे कोणी विचारत नाही. "हात लागलो मा? मगे वाटो," एवढाच तिथला कायदा.

सेलिना बाईंनी हा कायदा उचलून नववीच्या वर्गात आणला होता. 'रन' हा शब्द म्हणजे जाळं. आम्ही घरात, बाजारात, एसटीत जे मालवणीत बोलतो त्यातलं एक वाक्य प्रत्येकाने टाकायचं. ते जाळ्यात सापडतंय का ते बाई बघायच्या. "नळाक पाणी इला," असं कोणी म्हटलं की त्या लिहायच्या, द टॅप इज रनिंग. "नाक गळता", माय नोज इज रनिंग. "साडयेचो रंग गेलो", द कलर हॅज रन. "मीठ सरला", "रस्तो धामापुराक जाता", "मामाकडे सगळ्यांकच टक्कल आसा", इट रन्स इन द फॅमिली, सगळी वाक्यं एकामागून एक त्या एका शब्दात येऊन पडायची आणि आम्ही थक्क होऊन बघत राहायचो. एकदा एकाने म्हटलं, "काको निवडणुकीक उभो रवलो." बाईंनी तेही इंग्रजीत 'रन' करून दाखवलं. वर्गात हशा झाला, कारण उभा राहिलेला काका इंग्रजीत धावत सुटला होता. बाई चेहरा सरळ ठेवून म्हणाल्या, "आपलो उभो रवता, तेंचो धावता. पडतत दोगय."

एखादं वाक्य जाळ्यात बसलं नाही, तर त्या म्हणायच्या, "ह्यो शिंपलो. पण आपल्याच दर्याचो आसा, ठेव बाजूक." आणि फळ्याच्या कोपऱ्यात तेही लिहून ठेवायच्या. वर्गात एरवी त्या पुस्तकी मराठीत बोलत, पण शुक्रवारच्या तासाला त्यांची जीभ आपोआप घरच्यासारखी वळे.

त्या तेव्हा पस्तिशीच्या असतील. उंच, सडपातळ, काठ नसलेल्या साड्या, मनगटाच्या आतल्या बाजूला तबकडी येईल असं बांधलेलं घड्याळ. लग्न केलं नव्हतं. वडील गेले तेव्हा त्या गोव्यातली नोकरी सोडून आईसाठी गावी आल्या आणि आमच्या शाळेत शिक्षणसेविका म्हणून लागल्या. रविवारी मिस्सा आटोपली की चर्चमधून घरी न जाता त्या सरळ किनाऱ्यावर येत, चपला वाळूत काढून ठेवत, पदर खोचत आणि दोरीला लागत. रापणीवर मासळीचे वाटे घालायचं काम माझ्या वडिलांकडे, आबांकडे होतं. आबा बाईंचा वाटा वेगळा काढून ठेवत आणि म्हणत, "ह्यो टीचराचो." त्या दोघांत बोलणं असं फारसं नव्हतं, पण आबा तो वाटा घालताना दोन चांगले बांगडे वर ठेवत, हे मी पाहिलं आहे.

आता माझ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं माझ्यापासून सुरू झालं. मी पहिलीपासून पहिला नंबर सोडला नव्हता आणि त्या वयात मी फार शिष्ट होते. शुक्रवारच्या तासाला दहा गुण असत आणि बाई ते रापणीच्या कायद्याने देत. वाक्य टाकलं की दहा. मी एका तासाला पाच-पाच वाक्यं टाकत असे, ती पण अवघड, डिक्शनरीत शोधून आणलेली. मला दहा. शेवटच्या बाकावरचा दिगंबर, ज्याला सगळा गाव दिगा म्हणे, त्याने तीन महिन्यांत जेमतेम एक वाक्य टाकलं होतं. त्यालाही दहा.

त्याचं ते वाक्य मला अजून आठवतं. दिगा बापाबरोबर रापणीवर जात असे. जाळं भरून आलं आणि लाट मागे खेचायला लागली की दोरी हातातून सटकते आणि तळव्यांची सालं काढते. तो उभा राहून खाली बघत म्हणाला, "दोरी हातासून सरता." बाईंनी फळ्याची मधली जागा पुसून घेतली. मग त्यांनी फळ्यावर मधोमध लिहिलं, द रोप रन्स थ्रू माय हॅन्ड्स. आणि म्हणाल्या, "ह्यो आजचो मोठो मासो." मला इतका राग आला की घरी जाताना मी कोणाशी बोलले नाही.

त्या रात्री जेवताना आबांनी विचारलं, "इंग्लिशाचा काय चललाहा?" पुढच्या वर्षी दहावी, आणि इंग्रजीत मागे पडलो तर सगळं फुकट, असं आबांच्या डोक्यात पक्कं होतं. मी भाताचा घास मोडत म्हटलं, "तीन महिने झाले, बाई एकच शब्द शिकवतत."

हे खरं होतं आणि साफ खोटं होतं. तो तास फक्त शुक्रवारी असे. बाकीचे पाच दिवस बाई पुस्तकातले धडे, पत्रलेखन, व्याकरण सगळं वेळेवर घेत होत्या, आणि चांगलं घेत होत्या. मी शुक्रवार हा शब्द गाळला. तो गाळताना मला कळत होतं, म्हणूनच तर मी ताटाकडे बघत बोलले.

आबा ऐकलेला शब्द धरून ठेवणारा माणूस. त्यांनी आणखी चार पालकांना विचारलं. त्या पालकांनी आपापल्या मुलांना विचारलं, आणि मुलांनी हसत हसत सांगितलं की हो, बाई 'रन' शिकवतात. आठ दिवसांत तक्रारीचा कागद तयार झाला. आबांनी तो ओटीवर बसून आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिला आणि पहिली सही स्वतःची केली. मी दाराशी उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त शुक्रवारी हो आबा, एवढंच. मी बोलले नाही. कागद तालुक्याला गेला.

पुढच्या आठवड्यात आईने मला बाईंच्या घरी फणसाचे गरे देऊन पाठवलं. मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच गेले. खिडकीशी खाट होती आणि खाटेवर त्यांची आई, कंबरेचं हाड मोडल्यापासून तिथेच पडून. खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. मी कोणाची कोण ते विचारून झाल्यावर म्हातारी मुलीला म्हणाली, "माका हयसरसून हलवू नको गो." बाईंनी तिची उशी सारखी करत म्हटलं, "मे महिन्यात मिया कायम झालंय काय मगे कोण हलवता तुका?" मग माझ्याकडे वळून त्यांनी सहज सांगितलं की तीन वर्षं मे महिन्यात पुरी होतात, संस्थेने कायम केलं की झालं. नाही केलं तर आईला घेऊन म्हापशाला, भावाच्या दोन खोल्यांत. "पण तशी वेळ येवची नाय," त्या म्हणाल्या आणि गरे ताटलीत काढून घेऊन डबा धुवून परत दिला. तो रिकामा डबा घेऊन मी लांबच्या वाटेने घरी आले.

त्यानंतरचे दिवस मी तालुक्याच्या जीपच्या आवाजाकडे कान लावून काढले. शाळेच्या चढावर कुठलंही वाहन आलं की मी खिडकीतून वाकून बघे. फेब्रुवारीच्या शेवटी हेडमास्तरांनी वर्गात येऊन सांगितलं की तालुक्याचे साहेब येणार आहेत आणि नववीचं इंग्रजी बघणार आहेत. ते येणार तो दिवस शुक्रवारच होता. हेडमास्तर दारात बाईंना हळू आवाजात म्हणाले, ते पहिल्या बाकावर मला ऐकू आलं, "त्या दिवशी ते रापणबिपण नको. सरळ धडा घ्या." बाई म्हणाल्या, "धडाच घेते."

आणि त्यांनी धडाच घेतला. साहेब मागे खुर्चीत बसले होते. पन्नाशीचे, नीटनेटके, बोलायला सभ्य. दहा मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. आबांचं अक्षर मी लांबूनही ओळखलं. साहेब म्हणाले, "बाई, धडा छान चाललाय. पण ज्यासाठी मी आलोय ते दाखवा. हे 'रन'चं काय आहे?"

बाईंनी पुस्तक मिटलं. खडू घेतला आणि फळ्यावर अर्धगोल काढला. त्यांचा हात नेहमीपेक्षा सावकाश फिरत होता. "चला, ओढा," त्या म्हणाल्या, पण आवाज कोरडा होता.

सुरुवात बरी झाली. कोणी नळ टाकला, कोणी एसटी टाकली. काकाच्या निवडणुकीवर साहेब हसलेसुद्धा. मला वाटलं, सुटलो. मी घाईघाईने माझं सगळ्यांत अवघड वाक्य टाकलं आणि साहेबांनी मान डोलावली. मग ते उठून उभे राहिले. "ही हुशार मुलं. ह्यांनी पाठ केलं असेल. तो मागचा मुलगा सांगू दे. काय नाव तुझं?"

दिगा उभा राहिला. त्याला स्वतःचं नाव सांगायलाही वेळ लागला. साहेब म्हणाले, "'रन' वापरून एक वाक्य." दिगाचे ओठ हलले, पण आवाज नाही. आणि मग आमच्या वर्गाने तेच केलं जे आमच्या गावात कोणीही केलं असतं. दोरी एकाला जड झाली की बाकीचे धरतात. डावीकडून कोणी म्हटलं, "दोरी रे, दोरी." उजवीकडून कोणी म्हटलं, "द रोप." तिघेचौघे एकदम बोलले. कोणालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. शुक्रवारी आम्ही असंच करत होतो. कोणाचं वाक्य अडलं की त्याला सगळ्यांनी मिळून वर आणायचं.

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "हे काय चाललंय? हाच प्रकार परीक्षेतही करता काय? आता कोणी एक शब्द बोलला तर त्याचं नाव शेऱ्यात जाईल. आणि बाई, तुम्ही कृपा करून खुणा करू नका."

बाई खुणा करत नव्हत्या. तरीही त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, म्हणजे कोणी तसं म्हणायला नको. त्यांची पाठ मला दिसत होती. वर्ग एवढा शांत झाला की छपरावर कावळ्याची नखं वाजलेली ऐकू आली.

"द रोप," दिगा म्हणाला. मग थांबला. "द रोप रन्स." पुन्हा थांबला. त्याने दोन्ही तळवे समोर धरले होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता. वाक्य त्याला येत होतं. जगात दुसऱ्या कोणाला येणार नाही इतकं ते त्याचं होतं, फक्त इंग्रजी शब्द गळून पडले होते. साहेब घड्याळाकडे बघू लागले. बाईंची पाठ हलत नव्हती. मला त्यांची खिडकी दिसली, खाट दिसली, समुद्राचा आवाज आठवला. हे सगळं मी केलं आहे, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. आणि मी मोठ्याने म्हणाले, "थ्रू माय हॅन्ड्स."

दिगाने सुटका झाल्यासारखं ते पुन्हा म्हटलं. साहेब माझ्याकडे वळले. "तू तर हुशारांतली ना? तुलासुद्धा हेच शिकवलंय?" ते रागावले नव्हते, उलट वाईट वाटल्यासारखे दिसले. बाईंना ते म्हणाले, "तुमची मेहनत दिसतेय मला. पण परीक्षेत शेजारचा सांगायला नसतो. मुलाला एकट्याने उभं राहता आलं पाहिजे." ते म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं, हे मी आज कबूल करते. त्यांनी खाली बसून शेरा लिहिला. पेनाचा आवाज पहिल्या बाकापर्यंत येत होता.

शाळा सुटल्यावर मी पायरीशी उभी राहिले. बाई छत्री उघडत बाहेर आल्या. मी बाहीने डोळे पुसले. त्याच म्हणाल्या, "रडतंस कित्याक? दोरी सुटा होती, तू धरलंस. शिकवलंय ताच केलंस मा?" आणि उन्हात निघून गेल्या.

संस्थेची सभा एप्रिलमध्ये होती. आबा पालकांच्या वतीने तिथे बसणार होते. आदल्या संध्याकाळी ते अंगणात जाळं शिवत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आबा, बाईंचो तो तास फकत शुक्रवारी असता. बाकीचे दिस त्या धडेच घेतत."

सुई थांबली. "मगे तेव्हा कित्याक सांगलंस नाय?"

"राग इलेलो."

"कोणाचो?"

"दिगाक दहा गुण आणि माका पण दहाच, म्हणान."

आबांनी सुई खाली ठेवली. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "कागदार पयली सही माजी आसा. आता सभेत उठान काय सांगू? चेडवाच्या रागापायी लिवलंय म्हणान?" आणि पुन्हा सुई चालवू लागले. मी विनवण्या केल्या, आईनेही सांगून बघितलं. दुसऱ्या दिवशी आबा सभेला गेले आणि, मागाहून कळलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत गप्प बसले. बाईंना कायम केलं नाही. आबांच्या एका वाक्याने ते थांबलं असतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नव्हतं, आणि तेच त्यांना खात राहिलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी बाई गेल्या. त्या सकाळी रापण भरून आली होती. वाटे घालून झाल्यावर आबांनी एक वाटा जास्तीचा घातला, नेहमीपेक्षा मोठा, सगळे निवडक बांगडे. टोपलीवर केळीचं पान घातलं आणि माझ्या हातात दिली. "टीचराक नेवन दी. तिचो वाटो म्हणान सांग." स्वतः जायचं धैर्य त्यांना नव्हतं.

मी धावत पोहोचले तेव्हा दारात जीप उभी होती. मागच्या सीटवर म्हातारीला आडवं केलं होतं आणि तिने डोळे मिटून घेतले होते. बाईंनी पान उचलून बघितलं.

"कोणी दिल्यान?"

"आबांनी. तुमचो वाटो."

त्यांनी पान पुन्हा नीट झाकलं. "आज मिया दोरीक लागूक नाय गो. हात लागलो नाय, मगे वाटो घेवचो कसो?" मी टोपली पुन्हा पुढे केली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आबांक सांग, मिया रागान परत करूक नाय." मग त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि जीप चढावरून दिसेनाशी झाली.

टोपली परत आलेली आबांनी पाहिली. त्यांनी ती सगळी मासळी सार्वजनिक ढिगात ओतली आणि त्या दिवशी स्वतःचाही वाटा घेतला नाही. आईने विचारलं तर म्हणाले, "आज भूक नाय."

मी पुढे इंग्रजीच शिकले. आज वेंगुर्ल्याला कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि दर वर्षी नव्या वर्गापुढे फळ्यावर तो अर्धगोल काढते. बाईंकडे म्हापशाला मी जायला लागले तेव्हा त्यांची आई जाऊन पाच वर्षं झाली होती. त्या एका लहान शाळेत शिकवत होत्या. तिसऱ्या की चौथ्या भेटीत मी एकदाचं सगळं ओकून टाकलं, भाताच्या घासापासून गाळलेल्या शुक्रवारापर्यंत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "सही मिया तेव्हाच बघितलेलंय. शुक्रवार कोणी गाळलो आसतलो ता पण कळला." मग त्या म्हणाल्या, "तुजो राग काय खोटो नव्हतो गो. तू पाच वाक्यां आणी होतंस आणि मिया तुका एकदाय बरां म्हटलंय नाय. पाठच्याक हात देताना फुडच्याकडे बघूचा रवान गेला. ता माजा चुकला." माझ्या चुकीलाही त्यांनी आपला हात लावला. मला त्यांचा खरोखर राग आला आणि मी तिथे बसून लहान मुलीसारखी रडले.

गेल्या नोव्हेंबरात बाई गेल्या. काही महिने आजारी होत्या. गावच्या दफनभूमीत, वडिलांच्या शेजारी पुरावं, एवढं त्यांनी भावाला सांगून ठेवलं होतं. मी वेंगुर्ल्याहून आले तर आबा घरी कपडे घालून तयार बसले होते. आता सत्तरी उलटली आहे, गुडघे चालत नाहीत. मी म्हटलं, तुम्ही कशाला. त्यांनी काठी उचलली.

चर्चमधली प्रार्थना झाली, फादरांनी मातीला आशीर्वाद दिला. शवपेटी दोन दोऱ्यांवर घेऊन खाली सोडायची होती. दोऱ्या धरायला पुढे आलेल्यांत दिगा होता. आता तो पर्यटकांना होडीतून समुद्र दाखवतो आणि इंग्रजीत बिनधास्त बोलतो, चुकलं तर स्वतःच हसतो. त्याने टोक हाताला गुंडाळलं तेवढ्यात आबा गर्दीतून पुढे गेले. काठी माझ्याकडे दिली. "दिगा, माका धरूक दी."

"आबानू, तुमका जमाचा नाय. खड्डो खोल आसा."

"नुसतो हात लावतंय रे."

दिगाने माझ्याकडे बघितलं, मग पुढे सरकून आबांना मागे जागा दिली. आबांनी दोन्ही हातांनी दोरी धरली. मी काठी गवतात टाकली आणि त्यांच्या मागे उभी राहून टोक पकडलं. पेटी हळूहळू खाली जाऊ लागली. काथ्याची दोरी आमच्या तळव्यांतून खरखरत पुढे सरकत होती. माझ्या पुढे दिगा पुटपुटला, "द रोप रन्स," आणि तिथेच थांबला. पुढचं मी सांगितलं. या वेळी कोणी ते लिहून घेतलं नाही.

परतताना आबा मध्येच रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर टेकले. त्यांनी दोन्ही तळवे उघडून बघितले. उजव्या तळव्याची साल निघाली होती. मी रुमाल काढला, पण त्यांनी बांधू दिला नाही.

"मिया हात लावलंय मा गो?" त्यांनी विचारलं.

"व्हय आबा," मी म्हटलं, "लावलात."